नागापुरात जुनं घर घेऊन भाड्याने द्यायचंय? आधी सातबारा बघा, मग स्लॅब, रंग सगळ्यात शेवटी

नागापूर (अहिल्यानगर) : कांद्याला बरा भाव मिळाला, भिशी लागली, नाहीतर वडिलांच्या निवृत्तीचे पैसे हातात आले की आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. नगरला एखादी जागा घेऊन टाकू का? आणि नगरला म्हटलं की पाथर्डी, शेवगाव, नेवासा, राहुरीकडच्या माणसाच्या डोळ्यासमोर नागापूर येतंच. मनमाड रोडने निघायचं, सीना नदीचा पूल ओलांडला की नागापूर, आणि लागूनच एमआयडीसी. पोरगं शिकायला किंवा कंपनीत कामाला आलं तर राहील, नाही आलं तर खोल्या भाड्याने जातील, असा सरळ हिशेब असतो.

हिशेब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. दोन-तीन खोल्यांचं जुनं घर घेऊन, नीट करून भाड्याने द्यायचं असेल तर पैसा भाड्यातून फारसा सुटत नाही. तो सुटतो किंवा बुडतो तो खरेदीच्या दिवशी, कागदात. नंतर दुसऱ्यांदा सुटतो किंवा बुडतो तो दुरुस्तीत. भाडं तिसऱ्या नंबरवर येतं. म्हणून आज त्याच क्रमाने बोलू.

आधी आकडे, म्हणजे स्वप्न जमिनीवर येईल

खालचे आकडे बाजारभाव नाहीत, फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुमचे आकडे टाकून तुम्ही हाच हिशेब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करू शकता.

समजा एक गुंठ्यावरचं, म्हणजे १,०८९ चौरस फूट जागेवरचं जुनं घर १६ लाखांना ठरलं. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि स्थानिक अधिभार मिळून साधारण ६ टक्के धरा, म्हणजे ९६ हजार. नोंदणी फी १ टक्का, १६ हजार. वकिलाचा सर्च रिपोर्ट, मोजणी, टायपिंग, येणंजाणं मिळून २० हजार. दुरुस्तीला अडीच लाख. झाले १९ लाख ८२ हजार. म्हणजे १६ लाखांचं घर प्रत्यक्षात वीस लाखांना पडलं. बहुतेक लोक इथेच फसतात. खिशात सोळा असतात, वरचे चार हातउसने किंवा पतसंस्थेतून उचलले जातात.

आता भाडं. दोन कुटुंबांना प्रत्येकी साडेचार हजारांनी दिलं, महिन्याला ९ हजार. वर्षात एखादा महिना खोली रिकामी राहतेच, म्हणून ११ महिने धरा, ९९ हजार. त्यातून घरपट्टी, पाणीपट्टी, मोटारीची दुरुस्ती, कधी नळ कधी संडासची टाकी उपसणं, असे १८ हजार वजा करा. उरले ८१ हजार. वीस लाखांवर ८१ हजार म्हणजे वर्षाला चार टक्के. बँकेतल्या मुदत ठेवीला सहसा याहून जास्त मिळतं, आणि ठेव गळत नाही.

मग घर घ्यायचंच नाही का? तसं नाही. घराची खरी कमाई जागेची किंमत वाढण्यात असते. पण किंमत वाढते ती विकता येणाऱ्या जागेची. कागद अडकलेली जागा शेजारच्या जागेइतकीच सुंदर दिसते, पण तिला गिऱ्हाईक निम्म्या भावाने मागतं आणि बँक तर दारातही उभं करत नाही.

कर्जाचं एक वाक्य फार फिरतं, "भाड्यातून हप्ता परस्पर निघून जाईल." १० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, १५ वर्षं, तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे १०,१४०. वरच्या घराचं सगळं भाडं ९ हजार. म्हणजे अर्ध्या किमतीचं कर्ज काढलं तरी हप्त्याला खिशातून घालावे लागतात, आणि घरपट्टी वेगळीच. स्वतःच्या पगारातून किंवा दुधाच्या पैशातून ती भर घालायची तयारी असेल तरच कर्ज काढा. शेतीच्या उत्पन्नावर महिन्याचा हप्ता बांधून घेणं म्हणजे पावसावर तारीख टाकण्यासारखं आहे.

गुंठ्याची भानगड नीट समजून घ्या

नागापूर-बोल्हेगाव आज महापालिकेत आहे, पण मूळचं हे गाव, शेतीची जमीन. कारखाने आले, माणसं आली आणि शेतकऱ्यांनी गुंठा-दोन गुंठे विकले. बरेचसे व्यवहार नुसत्या बॉन्डवर, नोटरी करून झालेले असतात. जिल्ह्यात कुठल्याही वाढत्या गावाच्या कडेला हेच चित्र दिसेल.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून तो झाला, आणि त्यामुळे ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची खरेदी नोंदवताना अडचण येत राहिली. लोकांनी वाट काढली. कुणी चौघांनी मिळून सामायिक खरेदी केली, कुणाचं नाव सातबाऱ्यावर 'इतर हक्कात' लागलं, कुणाचं कुठेच लागलं नाही. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी बांधकामं नियमित करायची सोय झाली. पुढे २०२५ च्या अखेरीस तुकडेबंदी कायद्यातच दुरुस्ती झाली. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात महापालिका, नगरपालिका हद्दीत आणि रहिवासासारख्या बिगरशेती वापराला ठरवून दिलेल्या भागात जे तुकडे पडले, ते शुल्क न घेता नियमित करायचा मार्ग मोकळा झाला.

दलाल आता हेच वाक्य पुढे करतात, "आता सगळं मोकळं झालंय, बिनधास्त घ्या." इथे थांबा. मोकळं झालं ते जमिनीचा तुकडा पाडण्याबद्दल. त्या तुकड्यावर आरक्षण असेल तर ते तसंच आहे. वारसांचं भांडण असेल तर ते तसंच आहे. बांधकाम विनापरवाना असेल तर त्याला वेगळं नियमित करून घ्यावं लागतं. आणि नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते, हा नियम जुनाच आहे. विकणाऱ्याकडे फक्त नोटरी असेल तर त्याला सांगा, आधी तुमचं खरेदीखत नोंदवा, सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर तुमचं नाव आणा, मग आपण बसू. ज्याला विकायची खरंच गरज आहे तो महिना-दोन महिने घालून करतो. जो टाळतो, त्याचं कारण शोधा.

सातबारा बघताना काय बघायचं? बहुतेक लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद घडी घालून ठेवतात. तीन ठिकाणी नजर फिरवा. एक, भूधारणा पद्धत. तिथे 'भोगवटादार वर्ग २' असेल तर ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. इनाम, वतन, देवस्थानच्या जमिनी बहुधा इथेच सापडतात. दोन, इतर हक्क. बँकेचा, सोसायटीचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, पाईपलाईनचं संपादन, सगळं तिथे लिहिलेलं असतं. तीन, खाली दिलेले फेरफार नंबर. जुने फेरफार काढून वाचा, कंटाळा करू नका. जमीन कुणाकडून कुणाकडे आली ही सगळी गोष्ट त्यात असते.

त्या गोष्टीत एक पात्र हमखास गायब असतं, ते म्हणजे बहीण. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही. "बहिणी काही मागत नाहीत, त्यांनी तोंडी सोडलंय" असं विकणारा म्हणत असेल तर म्हणू द्या. हक्कसोड पत्र नोंदवलेलं आहे का ते बघा, नाहीतर खरेदीखतावर बहिणींच्या संमतीच्या सह्या घ्या. जागेचा भाव वाढला की न मागणारी बहीण किंवा तिची मुलं मागायला येतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

सीनेच्या काठाला स्वस्त का मिळतं?

नागापूर-बोल्हेगाव भागात नदीकडच्या बाजूला एखादा प्लॉट इतरांपेक्षा बराच स्वस्त सांगितला गेला की पहिला प्रश्न पूररेषेचा. नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घर बांधायला परवानगी मिळत नाही. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या आणि लालच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम होतं. उन्हाळ्यात सीनेचं पात्र बघून "इथे कुठला पूर" असं वाटणं साहजिक आहे. नगरचा पाऊस कमी, पण पडतो तेव्हा एका रात्रीत पडतो.

महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर किंवा सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. त्यात आरक्षण, विकास आराखड्यातला रस्ता आणि पूररेषा तिन्ही कळतात. फी किरकोळ असते. वीस लाखांच्या व्यवहारात हा एक कागद न काढणारे लोक भेटतात, तेव्हा आश्चर्य वाटतं, कारण हेच लोक म्हैस घेताना दात मोजून, धार काढून बघतात.

विसार देण्याआधी

जागा पसंत पडली की लगेच "टोकन" टाकायची घाई होते. हातात रोख रक्कम देऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेतली-दिली तर आयकर खातं तेवढाच दंड लावू शकतं. चेक किंवा बँकेतून पैसे पाठवा आणि विसार पावतीत जागेच्या चतुःसीमा, किंमत, मुदत आणि कागदात दोष निघाला तर पैसे परत, ही अट लिहून घ्या. मग वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च काढा आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या. नोटिशीचा खर्च वाचवू नका. रुसलेला चुलता, फसलेला आधीचा गिऱ्हाईक, असे लोक त्या नोटिशीनेच बाहेर येतात.

शहराचं आणि जिल्ह्याचं नाव बदललं असलं तरी जुन्या कागदांवर अहमदनगरच असणार. त्याने कागद बाद होत नाही, घाबरायचं कारण नाही.

घरपट्टी आणि वीजबिलाची थकबाकी मात्र घाबरण्यासारखी असू शकते. महापालिकेच्या घरपट्टीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. म्हणजे चार-पाच वर्षं न भरलेली पट्टी दुप्पट झालेली असते. बाकी नसल्याचा दाखला विकणाऱ्यानेच आणायचा. खरेदीनंतर सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून थांबू नका, महापालिकेच्या कर विभागात आणि महावितरणकडेही नाव बदला. ही तीन वेगवेगळी कामं आहेत.

घर बायकोच्या, आईच्या किंवा मुलीच्या नावावर घेतलं तर राज्यात महिलांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या हिशेबात १६ हजार वाचतात. ही सवलत राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. शिवाय खरेदी एकट्या महिलेच्या नावावर हवी.

घर बघायला कधी जायचं?

शक्य असेल तर दोनदा. एकदा मे महिन्यात दुपारी तीनला आणि एकदा पावसाच्या झडीत. विकणारा दसऱ्याला रंग मारून घर दाखवतो, त्यात काहीच कळत नाही.

भिंतीला चिरा कशा आहेत ते बघा. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर काळजी नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायरीसारखी चढत गेलेली, बोटाचं नख जाईल एवढी चीर असेल तर पाया हललेला आहे. नदीकाठच्या भागात काळी माती असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घेऊन बांधलेलं घर दरवर्षी तिच्याबरोबर हलतं. पाया कडक मुरमापर्यंत नेला होता का, हे शेजाऱ्याला विचारा. बोअरच्या गाडीने किंवा गवंड्याने काय सांगितलं ते शेजारी बरोबर सांगतात. अशा घराला आतून कितीही लांबी भरा, पुढच्या मे महिन्यात चीर परत येते. त्याला घराभोवती तीन-चार फूट फरशी किंवा कोबा करून पावसाचं पाणी पायापासून लांब काढणं हा पहिला आणि स्वस्त उपाय आहे. तरी चीर वाढतच राहिली तर इंजिनिअरला दाखवा.

मग छताकडे बघा. स्लॅबच्या खालच्या बाजूला पोपडे सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर तिथे हातोडीने हलकं ठोका. पोकळ आवाज येणारा भाग किती आहे ते बघा. एका कोपऱ्यात असेल तर दुरुस्ती होते. अर्धा स्लॅब पोकळ वाजत असेल तर घराची किंमत शून्य धरा आणि फक्त जागेचे पैसे द्या. हाच भावतावाचा खरा मुद्दा आहे. विकणाऱ्याच्या समोर, त्याच्याच घरात हातोडी वाजवली की भाव बराच खाली येतो.

दुरुस्तीत वरून खाली या

घर ताब्यात आलं की घरचे लोक आधी टाईल्स बघायला जातात. टाईल्स आणि रंग हे शेवटचं काम आहे. आधी पाणी बंद करा. गळती तशीच ठेवून रंग दिला तर एका पावसात पैसे भिंतीवरून खाली येतात.

स्लॅबवरचा जुना कोबा फुटला असेल तर तो काढून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा करून घ्या, पावसाळी पाईपाकडे नीट ढाळ द्या. गळती बहुतेक वेळा स्लॅबच्या मधून होत नाही. कठड्याची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या सांध्यातून आणि पाईपाच्या तोंडाशी होते. तिथे गोलाई देऊन सांधा भरला आहे का हे स्वतः वर चढून बघा. काम झाल्यावर पाईपाचं तोंड बंद करून छतावर दोन इंच पाणी ४८ तास साठवा. खाली ओल आली नाही तरच मिस्त्रीचे उरलेले पैसे द्या. ही अट काम सुरू व्हायच्या आधी सांगायची, नंतर सांगितली की भांडण होतं. नुसतं वरून केमिकलचा हात मारून देणारे लोकही येतील. कोबा धड असेल तर त्याचा उपयोग आहे, फुटलेल्या कोब्यावर नाही.

पत्र्याचं घर असेल तर वेगळं गणित. नगरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आणि रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसाच झोपतो, हे लक्षात घ्या. पत्र्याखाली छत मारलं आणि हवा जायला वरच्या बाजूला झरोके ठेवले तर तोच भाडेकरू टिकतो. पत्र्याला पडलेली भोकं नवीन स्क्रू आणि रबरी वायसर टाकून बंद होतात, अख्खा पत्रा बदलायची गरज नसते.

छतानंतर वायरिंग. जुन्या घरात एकाच वायरीवरून लाईट, मिक्सर, गिझर सगळं चाललेलं असतं. लाईटला दीड चौरस मिलिमीटर, प्लगला अडीच, गिझरला चारची वायर टाका. चांगलं अर्थिंग करा आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. गळतीचा करंट लागला की ती झटक्यात लाईट तोडते. भाड्याच्या खोल्यांत ओल्या हाताने हीटर लावण्याचे प्रकार होतात. या एका खर्चात कंजुषी करू नका. प्रत्येक खोलीला वेगळा सबमीटर लावला की महिन्याच्या बिलावरून होणारी कटकट संपते.

पाणी हा नागापुरातल्या भाड्याचा खरा मुद्दा आहे. शहराला पाणी मुळा धरणातून येतं. नळाला रोज पाणी येत नाही असं गृहीत धरूनच टाकी ठेवा. आठ माणसं, माणशी १०० लिटर, दोन दिवसांचं पाणी, म्हणजे १,६०० लिटर. दोन हजारची टाकी बसवली तर भाडेकरू टिकतो. पण ती कुठे ठेवता ते महत्त्वाचं. दोन हजार लिटर पाणी म्हणजे दोन टन वजन. स्लॅबच्या मधोमध कधीही ठेवू नका. खाली कॉलम किंवा जाड भिंत असलेल्या कोपऱ्यात, बीमवर येईल अशी ठेवा.

प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र संडास-बाथरूम दिलं तर भाडं वाढतं, आणि ते वाढलेलं भाडं दोन-तीन वर्षांत खर्च भरून काढतं. फर्निचर, पीओपी, रंगीत लाईट यांनी भाड्यात शंभर रुपयेही वाढत नाहीत. कंपनीतल्या कामगाराला पाणी, मोटारसायकल आत लावायला जागा आणि दाराला चांगली कडी हवी असते. पीओपीकडे तो वर मान करूनही बघत नाही.

प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या बदलणं अशा साध्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. पण खोली वाढवायची, वर मजला चढवायचा, पुढचा ओटा भिंतीत घ्यायचा तर लागते. २०२० च्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी ही पद्धत बरीच सोपी केली आहे, परवानाधारक इंजिनिअरकडून करून घ्या. मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचा विचार असेल तर ती भिंत वरचा भार घेते का हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय घण उचलू देऊ नका.

मिस्त्रीशी व्यवहार लेखी ठेवा. मजुरी चौरस फुटावर की अंगावर, सामान कुणाचं, किती दिवसांत. आगाऊ पैसे कामाच्या मानाने टप्प्याटप्प्याने. सिमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका, गोणीवर आठवडा आणि साल छापलेलं असतं. आणि प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारलंच पाहिजे. टँकर आणावा लागला तरी मारा. पाणी न मारलेलं प्लास्टर बोटाने खरवडलं तरी वाळू पडते.

गावाकडचं घर विसरू नका

हे सगळं वाचताना काहींच्या मनात येईल की गावातल्या पडक्या घराचं काय. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, आणि तोच मालकीचा कागद असा समज आहे. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याचं काम सुरू झालं. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर पत्रकावर कुणाची नावं लागली ते भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन बघा. त्या पत्रकावर कर्जही मिळू शकतं. जुन्या दगड-मातीच्या भिंतीला मात्र सिमेंटचं प्लास्टर थापू नका, आतली ओल कोंडते आणि भिंत फुगून सुटते. चुन्याचा गिलावा तिला जास्त मानवतो.

भाडेकरू ठेवताना

नोटरीचा करार करून भाडेकरू ठेवायची पद्धत सगळीकडे आहे. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे. त्याप्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू जे म्हणेल ते आधी खरं धरलं जातं. म्हणजे तुम्ही साडेचार हजार म्हणालात आणि तो दोन हजार म्हणाला तर पुरावा तुम्ही आणायचा. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नोंदणीचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. महिना ४,५०० भाडं, १५ हजार अनामत, ११ महिन्यांचा करार, तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या आत बसतं. शहरी भागात नोंदणी फी १ हजार, ग्रामीण भागात ५००. सगळं ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो, एजंट मशीन घेऊन घरी येतो. त्याची फी आधी विचारून घ्या. भाडेकरूची माहिती एमआयडीसी पोलीस ठाण्यात द्या आणि पोहोच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. बाहेरच्या राज्यातून आलेली चार पोरं एका खोलीत राहणार असतील तर चौघांचीही माहिती द्या, करार एकाच्याच नावावर असला तरी.

भाडं खात्यावर घ्या. आयकर भरत असाल तर घरपट्टी वजा करून राहिलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट सूट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. आणि खोली देतानाच वीज मीटरचा आकडा, नळ, पंखे, काचा यांचे फोटो भाडेकरूच्या समोर काढून त्यालाही व्हॉट्सअॅपवर पाठवा. अनामत परत करताना त्या फोटोंवरून मोजणी करायची.